तक्ता टायपिस्टचा नाही, तुमचा आहे!

कुठल्याही विद्यापीठाच्या ग्रंथालयात जा. समाजशास्त्र, वाणिज्य, शिक्षणशास्त्र, कुठलाही प्रबंध काढा आणि चौथे प्रकरण उघडा. तक्ता क्र. ४.१ हमखास भेटेल. उत्तरदात्यांचे लिंगनिहाय वर्गीकरण. पुरुष ६२, टक्केवारी ६२. स्त्रिया ३८, टक्केवारी ३८. एकूण १००, टक्केवारी १००.

शंभरांतले बासष्ट म्हणजे किती टक्के, हे सांगायला वेगळा रकाना!

तक्त्याखाली 'स्रोत : प्राथमिक सर्वेक्षण'. त्याखाली परिच्छेद : 'वरील तक्त्यावरून असे दिसून येते की, एकूण १०० उत्तरदात्यांपैकी ६२ पुरुष व ३८ स्त्रिया आहेत.' त्याखाली तेच आकडे घेऊन बसलेला रंगीत पाय चार्ट. एकच गोष्ट तीनदा सांगून झाली, पान भरले. संशोधन पुढे सरकले का?

असे चाळीस तक्ते झाले की प्रबंधाला जाडी येते. जाड प्रबंध म्हणजे चांगला प्रबंध, हे कुणी ठरवले? 'आधीच्याचा बघून घे' एवढेच मार्गदर्शन करणाऱ्यांनी.

तक्ता कशासाठी असतो, हे एकदा स्पष्ट बोलू या. लेखक वाचकाला सांगत असतो : माझ्या शब्दावर जाऊ नका, आकडे समोर ठेवलेत, ताडून पाहा. ताडून पाहणे ज्या मांडणीने अवघड होते, ती मांडणी चुकीची. दिसायला कितीही टापटीप असो.

सुरुवात रेघांपासून करू.

वर्डमध्ये 'इन्सर्ट टेबल' केले की जाळी मिळते. प्रत्येक चौकटीला चारी बाजूंनी काळी रेघ. ही सॉफ्टवेअरची सवय. आपण तिला विद्यापीठाचा नियम समजून बसलो.

अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची, म्हणजे एपीएची शैली समाजशास्त्रांत जगभर चालते. तिच्या तक्त्यात उभी रेघ नसते. आडव्याही मोजक्याच : मथळ्याच्या वर, मथळ्याखाली आणि तळाशी. तिकडे लाटेक ही मजकूर-मांडणीची प्रणाली वापरणारी गणित-भौतिकीची मंडळी 'बुकटॅब्ज' नावाचे पॅकेज वापरतात. त्याच्या माहितीपुस्तिकेतला पहिला नियम, उभी रेघ कधीही नको. दुसरा, दुहेरी रेघ कधीही नको.

ज्यांचा एकमेकांशी फारसा संबंध नाही, अशा दोन गोटांचे यावर एकमत का व्हावे? कारण डोळा रकान्यातून खाली उतरतो आणि दोन रकाने वेगळे ठेवायला मोकळी जागा पुरते. जागा नीट सोडली नाही की रेघांची भरती करावी लागते.

खिळ्यांच्या छपाईत उभी रेघ बसवणे जिकिरीचे होते. जुळारी ती लावण्याआधी तिची गरज आहे का, हे बघायचा. आता रेघ फुकट झाली आणि तो प्रश्न कुणी विचारेनासे झाले.

इलाज दोन मिनिटांचा आहे. तक्ता निवडा, 'नो बॉर्डर' करा, तीन आडव्या रेघा परत लावा. हीच मांडणी 'न्यू टेबल स्टाइल'मध्ये एकदा साठवली की पुढचे सगळे तक्ते तशीच रेघ पाळतात. तीन वर्षे संशोधन करणाऱ्याला दोन मिनिटे जड आहेत?

आता आकड्यांची रांग.

७.५, ११२.२५, ०.९ हे तीन आकडे एकाखाली एक आणि मध्यभागी लावून बघा. दशांशचिन्ह तीन ठिकाणी पळते. मोठा कोण, लहान कोण हे नजरेला कळत नाही, एकेक आकडा वाचावा लागतो. तक्ता केला होता तो वाचावे लागू नये म्हणूनच ना?

आकडे डावीकडे लावा आणि पट्टीवर डेसिमल टॅब ठेवा. चौकटीतला प्रत्येक आकडा आपोआप दशांशचिन्हावर उभा राहतो, टॅबची कळसुद्धा दाबावी लागत नाही. त्याऐवजी स्पेसबार बडवत आकडे सरकवले जातात. मग फॉन्ट बदलला, प्रिंटर बदलला की सगळी रांग विस्कटते. आणि दोष कुणाचा? म्हणे कॉम्प्युटरचा.

दशांशांचीही एक हौस आहे. पाहणी तीस जणांची आणि टक्केवारी ३३.३३. तिसांत एक माणूस इकडचा तिकडे झाला तर आकडा तीन टक्क्यांहून जास्त हलतो. आणि आपण टक्क्याचा शंभरावा भाग छापतो.

ही अचूकता नव्हे. ही दिशाभूल आहे.

ए. एस. सी. एरेनबर्ग या संख्याशास्त्रज्ञाने १९७७ साली लंडनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीच्या नियतकालिकात तक्त्यांचे साधे नियम मांडले. आकडे दोन महत्त्वाच्या अंकांपर्यंत आणा. तुलनेसाठी सरासरी द्या. ज्यांची तुलना करायची ते आकडे आडवे पसरण्यापेक्षा एकाखाली एक ठेवा. ओळी आकाराच्या क्रमाने लावा. एवढेच. हे समजायला संख्याशास्त्राची पदवी लागत नाही.

शेवटचा नियम तर रोज मोडला जातो. जिल्हानिहाय तक्ता घ्या. अकोला, अमरावती असे सुरू होऊन जिल्हे अकारविल्हे उतरत जातात. सिंचनात सर्वांत मागे कोण, हे शोधायला वाचकाने बोट ठेवून पान पिंजून काढायचे. सिंचनावरचा प्रबंध जिल्ह्यांच्या आद्याक्षरांवर का लावायचा? 'सॉर्ट'चे बटण त्याच पडद्यावर असते.

खरे कारण वेगळेच आहे. क्रम लावायचा तर आधी मुद्दा ठरवावा लागतो. अकारविल्ह्याला मुद्दा लागत नाही.

आता एसपीएसएसकडे येऊ. हे सॉफ्टवेअर १९६८ पासून आहे, समाजशास्त्रांची त्याने मोठी सेवा केली. पण त्यातून निघणारा तक्ता हा संशोधकाने स्वतः वाचायचा कच्चा माल आहे. तो जसाच्या तसा प्रबंधात चिकटवला जातो. रकान्याला नाव 'क्यू१२_बी'. हा प्रश्न काय होता? परिशिष्टात प्रश्नावली शोधा, मग कळेल.

त्याच तक्त्यात 'सिग.' या मथळ्याखाली .००० असते. म्हणजे हा निकाल निव्वळ योगायोगाने येण्याची शक्यता शून्य? कुठलीही चाचणी असे सांगू शकत नाही. सॉफ्टवेअर तीन दशांश दाखवते आणि पुढचे पडद्यावर येत नाही, इतकेच. लिहायचे असते '०.००१ पेक्षा कमी'. प्रबंधात .००० दिसले की समजावे, लेखकाने ते वाचलेले नाही. मार्गदर्शकानेही नाही.

रिकाम्या चौकटीबद्दल तर कुणाला काही वाटतच नाही. शून्य म्हणजे मोजले आणि काही सापडले नाही. रिकामी जागा म्हणजे मोजलेच नाही, किंवा मिळाले नाही. या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. 'शाळेत मुलींचे स्वच्छतागृह : ०' आणि 'माहिती उपलब्ध नाही' या दोहोंना एकच आडवी रेघ मारली, तर ज्या शाळेत जाब विचारायला हवा ती शाळा त्या रेघेमागे लपते.

मांडणीने अन्याय झाकता येतो, तो असा.

तळटीप कशाला असते? यासाठीच. बेरीज ९९.९ येते, लिहा : पूर्णांकनामुळे. बेरीज १४० येते, लिहा : एकापेक्षा जास्त उत्तरे ग्राह्य. शंभरांपैकी ऐंशींनीच उत्तर दिले, तर ऐंशी हा आकडा रकान्याच्या मथळ्यात ठेवा. टक्के कशाचे, हे न सांगता दिलेल्या टक्क्यांना किंमत काय?

नमुना हवा असेल तर परदेशात जायला नको. महाराष्ट्राची आर्थिक पाहणी दरवर्षी निघते, मराठीतही निघते. अर्थ व सांख्यिकी संचालनालय ती तयार करते. त्यातले तक्ते पाहा. एकक कुठे दिले आहे, अस्थायी आकड्यावर खूण कशी केली आहे, आधार कुठे सांगितला आहे. मराठीत तक्ता कसा बोलतो, याचे वर्ग तिथे फुकट भरतात. आपल्या किती संशोधकांनी ते तक्ते आकडे उचलण्यापलीकडे पाहिले?

आता क्रमांक.

'तक्ता क्र. ४.१२' हे हाताने टाइप केले जाते. मग मार्गदर्शक सांगतात, ४.५ काढून टाका. पुढचे सगळे क्रमांक बदला. मजकुरात जिथे जिथे 'पाहा तक्ता ४.१२' आहे तिथेही बदला. दोन-चार ठिकाणे सुटतातच. वाचक ४.१२ वर जातो आणि तिथे उत्पन्नाऐवजी वैवाहिक स्थिती सापडते.

'इन्सर्ट कॅप्शन' वापरा. 'न्यू लेबल' करून 'तक्ता' हा शब्दही देता येतो. मजकुरात 'क्रॉस रेफरन्स' घाला. तक्ता काढला की सगळे निवडून एफ-९ दाबा, क्रमांक स्वतःच सरकतात. तक्त्यांची यादीही त्यातूनच तयार होते. आणि छापण्याआधी 'एरर' हा शब्द शोधा. काढलेल्या तक्त्याचा संदर्भ कुठे राहिला असेल तर वर्ड तिथे 'एरर! रेफरन्स सोर्स नॉट फाउंड' असे ठळक अक्षरांत छापते. सोनेरी अक्षरांच्या बांधणीत हे वाक्य शोभत नाही.

तक्ता दोन पानांवर गेला की दुसऱ्या पानावर नुसते आकडे उरतात. कोणता रकाना कशाचा? मागे जा, बघून या, पुढे या. मथळ्याच्या ओळीत उभे राहून 'रिपीट हेडर रोज' दाबले की प्रत्येक पानावर मथळा येतो. येत नसेल तर तक्त्याच्या मध्ये कुणी हाताने पेज ब्रेक टाकला आहे का, किंवा टेक्स्ट रॅपिंग चालू आहे का, ते बघा. सहसा दोहोंपैकी एक असते. 'अलाउ रो टू ब्रेक अक्रॉस पेजेस'ची खूणही काढा, म्हणजे एक ओळ अर्धी या पानावर आणि अर्धी त्या पानावर तुटणार नाही.

बारा रकान्यांचा तक्ता उभ्या पानावर मावत नाही. मग काय करतात? अक्षर सहा पॉइंटचे करतात. पान आडवे करायला जावे तर अख्खा प्रबंध आडवा होतो, म्हणून सगळे घाबरतात. तक्त्याच्या आधी एक आणि नंतर एक सेक्शन ब्रेक टाका, मधलेच पान आडवे होईल. पण त्याआधी एक प्रश्न विचारा. बाराही रकाने लागतात का?

बहुतेकदा सहा पुरतात. उरलेले सहा मोह आवरला नाही म्हणून असतात.

सगळ्यांत वाईट सवय फोटोची. तक्त्याचा स्क्रीनशॉट काढायचा आणि चिकटवायचा. अक्षरे धूसर, आकडा शोधता येत नाही, उचलता येत नाही, तपासता येत नाही. अनेक नियतकालिके तक्ता चित्ररूपात घेतच नाहीत, ते याच कारणाने.

आणि जो डोळ्यांनी वाचू शकत नाही त्याचे काय? दृष्टिहीन विद्यार्थी एनव्हीडीएसारखे मोफत स्क्रीन रीडर वापरतात. मथळ्याची ओळ नीट नोंदवलेली असेल तर ते सॉफ्टवेअर रकान्याचे नाव आणि आकडा दोन्ही वाचून दाखवते. एकमेकांत मिसळलेल्या चौकटी असतील तर ते अडखळते. तक्ता चित्र असेल तर त्याला आकडाच सापडत नाही. आपल्या विद्यापीठांत दृष्टिहीन विद्यार्थी शिकतात, संशोधन करतात. त्यांच्यासाठी 'रिपीट हेडर रोज'चे बटण दाबण्याइतकी तसदीही आपण घेणार नाही?

मराठी प्रबंधांना एक जादा दुखणे आहे, जुन्या फॉन्टचे. कृतिदेवमध्ये टिंबाच्या कळीवर 'ण्' बसवलेला आहे. एक्सेलमधून आकडे आणले आणि सगळे निवडून फॉन्ट बदलला की दशांशचिन्हांच्या जागी 'ण्' उभा राहतो. ३.५ चे काय होते, ते करून पाहा. एवढ्या तक्त्यांत एखादा नजरेतून सुटतो आणि तसाच छापला जातो.

शिवाय हे प्रबंध गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटच्या 'शोधगंगा'वर चढतात. जुन्या फॉन्टमधला मराठी मजकूर तिथे मराठीत शोधून सापडत नाही. वर्षानुवर्षांची मेहनत कपाटातून निघून सर्व्हरवर जाते आणि तिथेही कुलूपबंदच राहते. युनिकोड फुकट आहे. मग अडते कुठे?

'मांडणीला इतके महत्त्व कशाला, आशय बघा' असे म्हणणारे भेटतील. त्यांच्यासाठी दोन गोष्टी.

एक्सेलमध्ये 'सेप्ट२' किंवा 'मार्च१' अशी जनुकांची नावे टाकली की ते त्यांना तारखा समजते. २०१६ साली 'जीनोम बायोलॉजी'त प्रसिद्ध झालेल्या तपासणीत, एक्सेलच्या जनुकयाद्या जोडलेल्या शोधनिबंधांपैकी सुमारे एक पंचमांश निबंधांत अशा चुका निघाल्या. अखेर २०२० साली जनुकांची नावे ठरवणाऱ्या समितीने नावेच बदलली. सॉफ्टवेअरने चौकटीतला मजकूर बदलला, तो कुणी पाहिला नाही आणि विज्ञानाला माघार घ्यावी लागली.

दुसरी गोष्ट अर्थशास्त्रातली. राइनहार्ट आणि रोगॉफ यांच्या २०१० च्या निबंधात सरकारी कर्ज सकल उत्पादनाच्या ९० टक्क्यांवर गेलेल्या देशांची सरासरी वाढ उणे ०.१ टक्के दाखवली होती. युरोप-अमेरिकेत खर्चकपातीच्या बाजूने हा निबंध पुढे केला गेला. २०१३ साली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याने मूळ एक्सेल फाइल मागवून तपासली. सरासरीच्या सूत्रातून पाच देशांच्या ओळीच सुटल्या होत्या. काही वर्षांचे आकडे वगळले होते आणि भारांकनाचा प्रश्नही होता. सगळे दुरुस्त केल्यावर त्याचा आणि त्याच्या प्राध्यापकांचा आकडा आला २.२ टक्के.

फाइल उघडता आली म्हणून चूक सापडली. स्क्रीनशॉट मिळाला असता तर?

मग दोषी कोण? विद्यापीठासमोरच्या डीटीपीवाल्यावर खापर फोडणे सोपे आहे. तो पानाच्या दराने काम करतो, रात्र रात्र जागतो, वाईट अक्षरातले कागद लावून देतो. कोणता रकाना गेला तरी चालेल, हे त्याने कसे ठरवायचे? ते ठरवणाऱ्याला पदवी मिळणार आहे. त्याला पानाचे पैसे मिळणार आहेत.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांनी पीएच.डी.ला कोर्सवर्क सक्तीचे केले. तिथे गृहीतकांचे प्रकार शिकवतात, नमुना निवडीचे प्रकार शिकवतात. ते हवेच. पण आपलाच तक्ता समोर ठेवून 'यातले काय काढाल?' असा तास किती ठिकाणी होतो? प्रबंधाच्या नियमावल्यांत डावा समास किती इंच, दोन ओळींत अंतर किती, बांधणीचा रंग कोणता, हे सगळे मिळते. तक्त्यावर चार ओळी शोधाव्या लागतात.

करायचे काय, ते अवघड नाही. प्रत्येक विद्यापीठाने तयार नमुना फाइल द्यावी : तीन रेघांची तक्ताशैली, मराठी कॅप्शन, युनिकोड. एकदा करायचे काम, हजारोंची सोय. कोर्सवर्कमध्ये दोन तासांचे प्रात्यक्षिक ठेवावे. मार्गदर्शकाने प्रकरण परत देताना एका तरी तक्त्यातली बेरीज स्वतः करून पाहावी.

आणि बहिःस्थ परीक्षकांनी मौखिक परीक्षेत 'आपल्या संशोधनाचे योगदान काय?' हा पाठ करून ठेवलेल्या उत्तराचा प्रश्न थोडा बाजूला ठेवावा. मधलाच एखादा तक्ता उघडावा, बोट ठेवावे आणि विचारावे : हा तक्ता काय सांगतो, एका वाक्यात सांगा.

सांगता आले तर तो तक्ता ठेवावा. नाही आले तर काढायला लावावा, मग प्रबंध निम्मा झाला तरी चालेल. उरलेला निम्मा निदान कुणीतरी वाचेल.